विधान क्रमांक सात

‘गप्प बसलेल्या मुलासमोर मी गोंधळत नाही.’
एक ते पाच. योग्य आकड्याला गोल करा.

नंदनवनच्या शाळेत कूलर घरघरतो,
वाळ्याचा ओला वास फॉर्मवर.
जुलैत मी दोनला गोल केला होता.
आता एप्रिल,
पेन्सिल तीन-चारच्या मध्ये अडलीये.

काल सहावीतला सुगत रंगारी
चाळीस मिनिटं बोलला नाही,
बाकावर खोडरबर किसत राहिला.
मी पाठ केलेले प्रश्न विसरले,
मग त्याच्यासोबत तो कीस
बोटानं गोळा करत बसले.
घंटा झाली तेव्हा म्हणाला,
‘मॅडम, तुम्ही काहून घाबरून राहिल्या?
येतो ना मी उद्या.’

आलाय.
दारात उभा, एक पाय चपलेत.

मी चारला गोल करते,
आणि खोडायला
त्याच्याकडेच रबर मागते.