आठ पानं, फोटो धरून

कमिटीनं सांगितलं, शाळेचा इतिहास लिही,
आठ पानं, फोटो धरून.
शंभर वर्षं झाली, त्यातली चाळीस तू फी गोळा केलीस,
तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?
मग एव्हर्ट दारातून परत वळला:
कटकटीचं काही नको, योहाना. लोक जेवायला येणार आहेत.

तळघरात, भट्टीच्या मागे, तीन पेट्या.
पहिल्या वहीत पहिलं नाव शूर्ट टेर्प्स्ट्राचं,
पुढे रक्कम नाही: ‘एक वासरू, सप्टेंबरात.’
खाली अंडी. लोणी. चार दिवस छपराचं काम.
एका विधवेच्या नावापुढे नुसती रेघ, दर महिन्याला,
आठ वर्षं रेघ,
आणि नवव्या वर्षी, वेगळ्या शाईत, ‘पोचलं.’
काय पोचलं, ते कुणी लिहिलेलं नाही.

सरकारी शाळा फुकट होती, अर्ध्या मैलावर.
हे लिहू का? की मक्याला भाव नव्हता, तरी माणसं
पदरमोड करून, त्या फुकटच्या दारावरून
पोरांना पुढे चालवत न्यायची,
कारण गणितसुद्धा देवाचं आहे
असं त्यांना मनापासून वाटायचं.
मला कधी वाटलं, कधी नाही.
सातचा पाढा तर कुणाचाच वाटला नाही.

एकोणीसशे अठराचा उन्हाळा. आयोवाच्या गव्हर्नरचा हुकूम:
इंग्रजी सोडून दुसरी भाषा शाळेत नको, रस्त्यात नको,
चर्चमध्ये नको, फोनवरसुद्धा नको.
आम्ही डच बोलणारे. लांबून ऐकलं की जर्मनच.
एका रात्री कुणीतरी भिंतीवर रॉकेल ओतलं.
छप्पर, घंटा, एकोणतीस बाकं.
कुणी ओतलं, गावाला माहीत होतं;
त्याच्याकडूनच आम्ही पुढे खिळे घेतले.
वहीत त्या आठवड्यात एकच ओळ: ‘खडू घेणे.’

चित्स्के बाउमानं टेर्प्स्ट्राच्या गोठ्यात शाळा भरवली
आणि स्तोत्रं म्हणताना पोरांना सांगितलं,
ओठ हलवा, आवाज नको.
माझी आई त्यांतली, नऊ वर्षांची.
मरेपर्यंत जेवणाआधीची प्रार्थना तिनं तशीच केली.
आम्हाला वाटायचं, कवळी ढिली झाली असेल.

(चित्स्केनं पुढे लग्न केलं. नियमाप्रमाणे
सोमवारी तिची नोकरी गेली. फोटो आहे, हसरा.
हा चालेल.)

तिसरी पेटी मला उघडायची नव्हती.
एकोणऐंशीच्या हिवाळ्यात चर्चनं लाओसहून एक कुटुंब आणलं.
फी माफ. कोट दिले. बूट एक माप मोठे.
खामसाय आणि त्याची बहीण डबा उघडून
आपल्या भाषेत काहीतरी बोलायची आणि हसायची,
हसताना भात सांडायचा.
मुख्याध्यापक म्हणाले, घरी चिठ्ठी पाठव:
शाळेत इंग्रजीच. मुलांच्याच भल्यासाठी.
मी टाइप केली. कार्बन लावून.
ती प्रत इथे आहे, खाली माझी आद्याक्षरं,
लहान, नीट, एका रेषेत.
दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या काचेतून पाहिलं:
भात सांडला नव्हता.
पोरांचे ओठ हलत होते.

आईला तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं.
ती असती तर तिला सांगितलं असतं का?
नसतं सांगितलं.

खामसाय आता डेमॉइनला एक्स-रे काढतो.
जेवणाची चार तिकिटं त्यानं घेतलीत, पैसे आगाऊ,
पावतीवर ‘पोचलं’ लिहिताना माझा हात थांबला.

एव्हर्टनं काल विचारलं, किती झाली?
सात, म्हटलं.
आणि आठवं?
आठव्यावर फोटो नाही. एक चिठ्ठी आहे.
तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर पोरं
घसरगुंडीवरचा बर्फ हातानं झाडत होती.
मग म्हणाला, पेट्या खाली नेऊन ठेवतो, जड आहेत.
राहू दे, म्हटलं.
दोन नेल्यास तरी चालेल.