शाळा पाला खाते

ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात
आणि त्यांच्या सावलीतल्या आमच्या शाळेत वीज नसते,
यावर आता कुणी हसतही नाही.
प्रोजेक्टर आला तेव्हा अकरा दिवस
तो कपाटात होता, तांदळाच्या पोत्याशेजारी.

बाराव्या दिवशी लागला.
भिंतीवर हिरवं रान उमटलं, पोरं पुढं सरकली,
आणि मी जोरात म्हणालो,
हे बघा, हे इथून असं तिकडं जातं.
बिरू कोळेकर भिंतीकडं कान करून बसलेला.
"सर, हे म्हंजे काय?
आणि इथून म्हंजे कुठून?"

अठरा वर्षं शिकवतोय.
हे, ते, असं, इथं,
एवढ्याशा शब्दांवर निम्मा धडा उभा होता माझा,
ते न दिसणाऱ्या एका पोरानं दाखवलं.

आणि तिसऱ्या बाकावर मैनाज मुलाणी.
तिच्या कानातल्या यंत्राची बॅटरी
महिन्यातले आठ दिवस असते.
उरलेले दिवस ती माझ्या ओठांवर डोळे लावते,
आणि मी बोलायचो फळ्याकडं तोंड करून.
पोरगी रोज माझी पाठ ऐकायची.
वर्ग हसला की ती चेहरे बघायची सगळ्यांचे
आणि हसायची,
सगळ्यांचं हसून झाल्यावर,
उरलेलं.

मग रात्री मोबाईल घेऊन बसू लागलो.
बिरूसाठी आवाज भरायचा:
शेळी बांधावर उभी आहे,
बाभळीची फांदी तिच्या तोंडापर्यंत वाकली आहे,
लांडगा अजून ओढ्यापलीकडं.
मध्येच कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून.
मैनाजसाठी तीच वाक्यं चित्राखाली टाईप करायची.
बायको म्हणाली, एवढ्यात आणखी एक डी.एड. झालं असतं.
डोळे मिटायचे, बोट घसरायचं,
मोबाईल आपल्याच मनानं शब्द सुचवायचा.

शुक्रवारी अन्नसाखळी.
स्पीकरमधून माझाच आवाज, जरा घोगरा:
शेळी पाला खाते.
बिरूनं मान हलवली, त्याच्या घरी चाळीस शेरडं.
वर्ग गप्प.
आणि मैनाज हसली.
आधी फिसकन, मग तोंडाला ओढणी लावून,
मग बाक हलेपर्यंत.
सगळे वळले. आता सगळे
तिच्या चेहऱ्यावर शोधत होते, काय झालं ते.
तिनं बोट केलं
भिंतीकडं, अगदी तळाच्या ओळीवर:
शाळा पाला खाते.

तोवर पुढची ओळ आली,
लांडगा शाळा खातो,
मग काही विचारू नका.
एकटा बिरू ओरडत होता,
"काय झालं? आरं मला कुणीतरी सांगा की!"
मैनाज उठून त्याच्या बाकाशी गेली,
आणि वर्गात सहसा न काढलेल्या
त्या तुटक, जाडसर आवाजात म्हणाली,
शाळा. पाला. खाते.
तो हसला, सगळ्यांच्या नंतर.
तेवढ्यात वीज गेली.
बाहेर पवनचक्क्या आरामात फिरत होत्या.

यंदाही तोच धडा लावणार आहे.
बाकीच्या ओळी तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं,
ती चूक तेवढी राहू दिली.
आवाज मात्र पुन्हा भरला, बिरूसाठी.
त्या जागी आता
मीही चुकतो.