एक्केचाळिसावं पान

वागळे इस्टेटमधल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात
दत्ता बैंदूर टाइमकीपर होता.
सकाळी आमची कार्डं पंच करायचा,
संध्याकाळी आमच्याच नाटकात राजा.

मराठी झकास बोलायचा. फक्त
खुर्ची त्याच्या तोंडी पुरुष व्हायची, दरवाजा बाई.
"आमच्या कानडीत निर्जीव ते निर्जीव," म्हणायचा,
"तुम्ही फळीलासुद्धा लुगडं नेसवता."
मी प्रॉम्प्टर. विंगेत टॉर्चच्या उजेडात बसून
त्याच्या खुर्च्या परत बायका करायचो.

स्पर्धेची फेरी, गडकरी रंगायतन, तिसरा अंक.
तो माझ्याकडे वळला
आणि माझ्या हातात चाळीसनंतर थेट बेचाळीस.
एक्केचाळीस मेकअपच्या खोलीत,
माझ्याच चहाच्या कपाखाली.
मी टॉर्च विझवला. दुसरं काय करणार?

त्यानं अंधाराकडे पाहिलं.
मग सावकाश माठापाशी गेला,
पाणी प्याला,
पेला उपडा ठेवला.
सबंध थिएटर त्याच्या घशाकडे बघत होतं.
बेचाळिसावरचं वाक्य त्यानं आपलं आपण उचललं.

अभिनयाचं पहिलं.
ओला गोल उमटलेलं पान मी खिशात घातलं.

पुढे तो बेंगळुरूला गेला.
चरईतल्या हॉटेलात, गल्ल्यावर कन्नड पेपर पसरून
पुजारी सुटे मोजता मोजता सांगायचा:
बैंदूर हिरो झाला.
बैंदूर पडला.
आता दुसऱ्यांच्या सिनेमात बाप होतो.
घर गहाण टाकून स्वतःच सिनेमा काढला,
"चालला नाय, पण बक्षीस भेटलं."
एकदा मुलाखत आली:
बोलता बोलता थांबणं, ते कुठे शिकलात?
ठाण्यात, म्हणाला.
"कोणाकडे?" मी विचारलं.
पुजारीनं पान उलटलं. "पुढे लिवलं नाय काय."

परवा नातीनं फोनवर त्याचा शेवटचा सिनेमा लावून दिला.
त्यानंच लिहिलेला, त्यानंच केलेला.
कन्नड मला येत नाही,
खालची बारीक अक्षरं डोळ्यांना झेपत नाहीत.
कोर्टात म्हातारा उभा. कोणीतरी काही विचारलं.
तो वळला,
आणि पडद्याच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही,
काहीतरी लुकलुकून विझलं.
मग तो पाण्याकडे निघाला.

"आजोबा, काय पुटपुटताय?"
काही नाही गं.
"ही खुर्ची माझी कधीच नव्हती..."
उशीर झाला थोडा,
पण स्त्रीलिंगी.