उचंती खातं

अरण्येश्वरकडे चढताना उजव्या हाताला पिठाची गिरणी,
गिरणीवर माझा क्लास.
बावीस वर्षं. अकरावी-बारावी, बुककीपिंग.
खडूची पूड कुठली आणि पीठ कुठलं,
संध्याकाळी पदर झटकताना कळत नसे.

भाचा बाणेरहून आला, लॅपटॉप घेऊन.
"मावशी, तू तास विकतेस.
तास संपला की गल्ला बंद.
साइट करू. सभासद होतील, महिना तीनशे नव्व्याण्णव.
तू झोपलीस तरी पैसे येतील."
झोप माझी तशीही कमीच.
म्हटलं, बघू.

मग एप्रिलातल्या दुपारी, गिरणी बंद असताना,
रिकाम्या बाकांसमोर उभी राहून
मी घसारा शिकवला:
यंत्राची किंमत दर वर्षी कशी उतरते.
मध्ये विनोद केला, नेहमीचा,
शेवटच्या बाकाला हमखास हसवणारा.
कॅमेऱ्याचा लाल ठिपका गंभीर राहिला.
"झकास," भाचा म्हणाला,
"फक्त ते 'ए चष्मा, लक्ष कुठंय' कापून टाकू."

पहिल्या महिन्यात चौदा सभासद.
वणीचा एक, इस्लामपूरच्या दोघी बहिणी एकाच पासवर्डवर,
आणि पतसंस्थेतल्या एक बाई, वय बावन्न.
त्यांनी लिहिलं: ताळेबंद जुळवता येतो,
तो का जुळतो हे मात्र कुणी सांगितलंच नाही.
रात्री अकराला मी उत्तर लिहायला बसले,
उठले तेव्हा पावणेएक.
खोटं कशाला बोलू, बऱ्याच वर्षांत
इतका चांगला तास झाला नव्हता.

पण एका पानावर भाचा अडला.
"सभासद नसलेल्यांना काय दिसायला हवं?
नुसतं कुलूप, की कुलूप आणि खाली 'पैसे भरा'?"

मला जिना आठवला.

बारा-तेरा वर्षं झाली असतील.
गिरणीत दळण तोलणारा जालिंदर
सातव्या पायरीवर बसायचा,
मांडीवर कुणाचा तरी रिकामा डबा,
डब्याच्या झाकणावर बोटानं आकडे.
त्यानं सवलत मागितली नाही.
मी फीचं काढलं नाही.
दाराच्या फटीत डस्टर अडकवून ठेवायची,
वारा येऊ दे म्हणायची,
आणि प्रत्येक उदाहरण दोनदा वाचायची, मोठ्यानं,
मागच्यांसाठी.
मागे भिंत होती.

एका सोमवारी पायरी रिकामी.
परीक्षेला बसला, की गावी गेला,
गिरणीवाल्यालाही पत्ता नव्हता.

घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा,
हे मी झोपेतही म्हणेन.
आणि ज्या रकमेचा आगापिछा लागत नाही
ती टाकावी उचंती खात्यात, खुलासा होईपर्यंत.
मुलांना बजावते: मार्चअखेर हे खातं
शिल्लक दिसता कामा नये.
माझं दिसतं. दर मार्चला.

"इथं एक जिना हवा," मी म्हटलं.
"म्हणजे फ्री ट्रायल? सात दिवस?"
"सात पायऱ्या."
तो हसला नाही. बिचारा, टाइप करत राहिला.
शेवटी एक कूपन काढलं, शंभर टक्के सूट,
परवलीचा शब्द: डस्टर.
"पण मावशी, हे कुणाला द्यायचं?
साइटवर टाकलं तर सगळेच फुकट येतील."

साइटवर नाहीच टाकलं.
सातव्या पायरीजवळ, भिंतीवर, हाताच्या उंचीला
खडूनं लिहिलं: साइटचा पत्ता, खाली तो शब्द.
आता दळण तोलायला दुसरा पोरगा आहे.
त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

सभासद एकतीस. कूपनचा वापर शून्य.
गिरणी सुरू झाली की भिंत थरथरते,
खडू झडतो.
सोमवारी वर जाताना
मी ती अक्षरं पुन्हा गिरवते.