पांढरी पाच, केसभर चढी

ऐन माघात, रात्री सव्वादोनला
पहिल्यांदा ऐकली ती घूं.
डास म्हणावा तर या थंडीत
लष्करातला डासही रजई शोधतो.
पडल्या पडल्या, सवयीनं, पट्टी लावून पाहिली:
पांढरी पाच.
नाही. केसभर चढी.
मग झोप कसली.

बेसूर माणूस मी सोसतो,
चार भाच्यांच्या लग्नांतली मंगलाष्टकं सोसली.
पण हे ना या पट्टीतलं ना त्या,
दोन सुरांच्या उंबऱ्यावर पाय अडकवून उभं.

उठलो. फ्रिजच्या पोटाला कान लावला.
तो बोलत होता, पण वेगळं काही, त्याच्या दुखण्याचं.
मीटरची पेटी. दत्ताच्या तसबिरीवरचा लाल बल्ब.
नातू विसरून गेलेला चार्जर.
गॅसची टाकीसुद्धा
(नलू अंथरुणातून म्हणाली, तिचा वास घ्यायचा असतो).
शेवटी मेन स्विच खाली ओढला.
फ्रिजनं उसासा टाकला नि गप्प झाला.
घूं तशीच.
उलट आता तिला सगळं घर मोकळं.

"तुमच्या कानातच आहे ते."
नलूचा डावा कान लहानपणी गोवरात गेला, मुरारला.
उजवा ती माझ्यासाठी जपून वापरते.
तरी मी घाबरलो.
चाळीस वर्षं पेट्यांचे सूर घासणारा माणूस,
त्याच्याच कानात किडा शिरला तर?
डॉक्टर भाकऱ्यांनी बत्ती मारली, मळ काढला,
वीस दिवसांचे थेंब दिले.
घूं आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली.

काम तर थांबत नाही.
सूर मी रात्रीच लावतो, गल्ली निजल्यावर.
टोकाला घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो,
एवढंच माझं शास्त्र.
फाल्गुन सरेस्तोवर सात पेट्या हाताखालून गेल्या.

पाडव्याला नवं पंचांग टांगायला
नलू खिळा ठोकत होती.
ठोकता ठोकता थांबली,
भिंतीला तळवा टेकला नि टेकलेलाच ठेवला,
पोरीच्या कपाळाला लावावा तसा.
"इकडे या. ही गुरगुरतेय."

भिंतीपलीकडे भदौरिया.
सून कुल्फीचा धंदा करते, नवा डीप फ्रीझर,
त्याचा स्टॅबिलायझर आमच्या सामाईक भिंतीवर,
चार स्क्रू, त्यातला एक सैल.
"संक्रांत से लगा है पानवलकरजी,
आपने पहले काहे नहीं कही?"
काय सांगणार होतो?
की तुम्ही केसभर चढे आहात?
भात्याच्या कातड्याच्या चार चकत्या कापल्या,
स्क्रूंमागे बसवल्या, पेचकस फिरवला.
परतलो ते दोन कुल्फ्या घेऊन.

त्या रात्री घर कोरं.
मला झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

आठव्या दिवशी चंद्रबदनी नाक्यावरच्या
वत्सलाबाई सुर्वे रिक्षातून पेटी घेऊन आल्या.
"पांढरी एकला पंचम टोचतोय हो.
सगळं मंडळ आरतीत अडखळतं."
मी हसलो, भाता उघडला, बोट ठेवलं.

ती होती.
तिथे बसली होती,
माझ्याच कानशीनं घासून, माझ्याच हातानं,
घूं.

मग सगळीकडे फिरलो.
हजिऱ्यावरचा गुरुद्वारा, मुरारची शाळा,
भिंडच्या रस्त्यावरचा एक मास्तर.
प्रत्येक ठिकाणी मुळाशी दोनदा घासलं,
पैसे घेतले नाहीत,
कारण विचारलं तर हवा बदललीय म्हणालो.
सहा उतरवल्या.

सातवी झाशीचा एक मुलगा घेऊन गेला होता,
रोख देऊन, नाव न सांगता, बस गाठायच्या घाईत.
शिकतो म्हणाला. नुकतंच सुरू केलंय म्हणाला.
आता त्याचा पंचम तोच असणार,
आणि दुसऱ्या कुणाचा ऐकला
तर त्यालाच तो उतरलेला वाटेल.

नलू म्हणते, राहू दे एक.
मी अधूनमधून भिंतीला तळवा लावून बघतो.
गार असते.