नाकाशिवाय

माझं नाक गेलं जुलैमध्ये.
अब्रू नव्हे, नाक. तापात.
उठलो तेव्हा टोस्टर जळत होता
आणि मला धूर दिसल्यावर कळलं.
डॉक्टर म्हणाली, येईल परत, किंवा नाही येणार.
पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्यावर बत्तीस वर्षं क्रेन चालवली मी,
असली उत्तरं बोटींबद्दल रोज ऐकायचो.

शनिवारी तरीही मोठं पातेलं काढलं.
भरडलेला सातू, त्यातला थोडा कोळशाइतका भाजलेला,
मोरागच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून
अडुसष्ट अंशांच्या पाण्यात सोडला, अर्धा तास.
पाणी आधी चहासारखं झालं,
मग पातेल्याचा तळ दिसेनासा झाला.

माल्टच्या अर्काचे दोन डबे सिंकमध्ये, कढत पाण्यात उभे,
नाहीतर बुडाचं निघत नाही.
काकवीच ती, सातूची.
चमच्यावरून उतरताना वेळ काढते,
मी बघत उभा राहतो, दर वेळी.
पातेलं खाली उतरवूनच ओतायची,
नाहीतर बसते तळाला आणि जळते.
पळी तळावरून ओढत कान लावला:
करकरलं तर लागलंय.
उकळी फुटायच्या जरा आधी
पातेलं एकदम गप्प होतं.
एकवीस वर्षं करतोय, कधी ध्यानात आलं नव्हतं.
मग फेस कडेवर, मग माझी पळापळ.

हॉप्स टाकले. वाफेवर तोंड धरलं.
ओलं. गरम.
एवढंच.

गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, स्लीपिंग बॅग गुंडाळून
ठेवला पिंप. तिसऱ्या रात्री
भिंतीपलीकडून ऐकू आलं,
बुळुक.
मग बराच वेळ काही नाही.
मग बुळुक.
झोपलो.

मोराग बिअर पीत नाही.
मी हॉप्स उकळले की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडते,
बाहेर गारा असल्या तरी.
तिलाच म्हटलं, तू हुंगून सांग.
बँकेचं पाकीट धरावं तसा ग्लास धरला तिने, लांब.
ती शाळेची बस चालवते.
म्हणाली, सोमवारची बस.
सीटखाली कुणाचं तरी केळं राहिलंय.
म्हटलं, कपाट तापलं असणार, यीस्टला सोसलं नाही.
वहीत लिहिलं: केळं. दोन अंश कमी.
पुढच्या खेपेला म्हणाली,
शेकोटीहून आल्यावरचा तुझा स्वेटर.
त्या संध्याकाळी मी तीन ग्लास प्यायलो,
जिभेला फक्त कडू लागत होतं,
पण स्वेटर होता ना, राखाडी, कोपरावर विरलेला.

ऑक्टोबरमधली खेप.
बाटल्या उजेडात धरल्या तर मानेच्या आत
पांढरी कडी, प्रत्येकीला.
आत कुणीतरी शिरलं होतं, न बोलावता.
मी बोललो नाही. एक उघडून
तिच्यासमोर ठेवली.
तिने हुंगलं. डोळे भरले तिचे, आंबटाने असेल.
"छान आहे," म्हणाली. "भाजका वास आहे छान."
इतक्या लवकर ती कधीच काही सांगत नाही.

रात्री अकराला मागचं दार वाजलं.
कुंपणाशी कुणीतरी बाटली उपडी करत होतं.
मानेतून हवा आत जाताना बाटली उचकी देते,
मग मोकळी वाहते.
मी अंथरुणात मोजत होतो.
एकोणिसाव्या बाटलीपर्यंत आठवतं.
सकाळी तीसच्या तीस क्रेटमध्ये पालथ्या, धुतलेल्या.
"कार्लाइल नेऊन गेला सगळी," ती म्हणाली,
"त्याच्या भावाकडे काहीतरी होतं."
कार्लाइलला भाऊ नाही.
वहीत लिहिलं: खेप चौदावी. छान. (मोराग)
आणि नळी नवी आणली, जुनी फेकली.

या शनिवारी परत पातेलं चढवलं.
खिडक्या उघडायला ती आली
आणि उघडल्या नाहीत.
माझ्याकडे पाठ करून बसच्या किल्ल्या शोधत होती.
माझी पळी अजून गुळगुळीत फिरत होती, कानाला काही नव्हतं,
तेवढ्यात मागे न वळता म्हणाली,
"मर्डो, खाली लागतंय."