वीस मिनिटं

युवास्क्युला. फेब्रुवारी. सकाळचे सव्वासात.
खिडकीबाहेर अजून रात्रच,
तळ्यावरचा बर्फ एवढा जाड की वरून ट्रॅक्टर गेला, ऐकू आला.
वेइक्को आत आला, लोकरीची टोपी काढली,
टोपीतून वाफ.

अर्ज भरणं माझं काम.
वय एक्केचाळीस. सिगारेट नाही. गोळ्या नाहीत.
पंधरा दिवसांत सर्दी, ताप, दातदुखी?
नाही, नाही, नाही.
शेवटच्या चौकटीत मी लिहिते: निरोगी.
तो वाकून वाचतो.
"कागदावर बरं दिसतं," म्हणतो.

पहिली सुई.
नळीत रक्त चढतं, गडद, संथ,
ज्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही अशा माणसासारखं.
मग पट्टा सुरू.
वीस मिनिटं, भरभर चालणं.
बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत.

सातव्या मिनिटाला
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी
रक्तात चिमूटभर भीती सोडतात.
मागे अस्वल नाही, समोर पत्ता नाही,
तो चाललाय आणि भिंत तिथेच आहे,
तरी काळीज म्हणतं, निघा.
रक्तवाहिन्यांच्या कडेला टेकून पेंगणाऱ्या
पांढऱ्या पेशी
दचकून प्रवाहात उतरतात,
चपला न घालता बाहेर आल्यासारख्या.

आणि मांडी?
मांडीकडून एरवी आपण ओझ्याशिवाय कसली अपेक्षा करतो?
ती निरोप धाडते.
निरोप नेणारा रेणू तोच,
जो तापाच्या रात्री अंगभर
"आग, आग" करत फिरतो.
आज मांडीतून निघालाय, तर दारोदार सांगत सुटलाय,
निखाऱ्यांवर राख ओढा.

नवल वाटायला नको.
"आर्तो" ही हाक मी घरात दोन प्रकारे मारते.
एक ऐकून कुत्रा सोफ्याखाली जातो,
एक ऐकून शेपटी हलवतो.
नवऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

दुसरी सुई.
या रक्तात मी मेलेल्या जंतूंची टरफलं मिसळते,
थोडक्यात, खोटी चोरी घडवून आणते,
आणि बघते पहारेकरी किती भडकतात.
चालण्याआधीच्या नळीत: बरेच.
नंतरच्या नळीत: शंभरात चारपाच कमी.
बस, एवढंच.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, असं आयुष्यभर पाहिलेल्या मला
ठिणगी पडायच्या आधी निघालेला
हा बारका बंब,
चारपाच बादल्यांचा,
फार आवडतो. अहवालात असं लिहीत नाहीत.

घाम पुसताना वेइक्कोनं विचारलं,
"बापाच्या होडीवरून नऊ वर्षं
भावाशी बोललेलो नाही. ते दिसतं यात?"
मी म्हटलं, नळी चार मिलिलिटरची आहे.
तो हसला. मीही हसले.
मग बराच वेळ फक्त यंत्र फिरत राहिलं,
रक्ताचे थर वेगळे करत.

पुढच्या मंगळवारी त्याचा खुर्चीचा दिवस.
तोच माणूस, तीच वेळ, तेवढीच वीस मिनिटं,
पण नुसतं बसायचं.
तुलनेसाठी कुणीतरी बसावंच लागतं.
पुस्तक चालेल, डुलकी नको, पाय हलवू नका.
बाहेर पहिल्यांदाच थोडं उजाडलं होतं,
राखाडी, काचेला चिकटलेलं.

अकराव्या मिनिटापर्यंत वर्तमानपत्र.
मग फोन.
फोनवर एक नाव, उजळलेलं,
विझलं, की त्यानं पुन्हा उजळवलं.
मी नियमाप्रमाणे दूर उभी,
नाडीचे आकडे बघत: बासष्ट, पासष्ट,
एकोणऐंशी,
बसलेल्या माणसाचे.

वीस मिनिटं संपली.
हालचाल झाली असल्यास लिहा, असा एक रकाना आहे.
सहसा मी तिथे रेघ मारते.
त्या दिवशी लिहिलं:
उजवा अंगठा, एकदा.